डेव्ह द डायव्हर : दिवसा समुद्रात, रात्री गल्ल्यावर

घरात कुणी ‘गेम म्हणजे नुसती ठो-ठो’ असं म्हणत असेल, तर त्यांना शेजारी बसवून हा गेम दाखवा. ‘डेव्ह द डायव्हर’ दक्षिण कोरियातल्या मिंटरॉकेटने बनवलाय. जून २०२३मध्ये तो कॉम्प्युटरवर पूर्ण स्वरूपात आला, त्याच वर्षी निन्टेन्डो स्विचवर आणि २०२४मध्ये प्लेस्टेशनवर. २०२४मध्ये त्याला गेम डिझाइनचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला.

गोष्ट सोपी आहे. डेव्ह हा गुटगुटीत, भोळा पाणबुड्या. मित्र कोब्राच्या बोलावण्यावरून तो ‘ब्लू होल’ नावाच्या समुद्रातल्या खोल विवरापाशी येतो. दिवसा बुडी मारून मासे पकडायचे आणि रात्री शेफ बांचोच्या सुशीच्या हॉटेलात वाढपी व्हायचं. हे विवर दर बुडीला बदलतं, त्यामुळे कालचा रस्ता आज पाठ असून उपयोग नाही.

पहिल्या आठवड्यात मी या हॉटेलचं जवळजवळ दिवाळं काढलं. मला वाचवलं ते आईने. आईने इंदूरमध्ये एकोणीस वर्षं विद्यार्थ्यांची मेस चालवली. गुडघ्यांमुळे गेल्या वर्षी ती बंद केली आणि माझ्याकडे राहायला आली. सुरुवातीला ती नुसती खिडकीत बसायची. एका संध्याकाळी माझ्यामागे उभी राहून म्हणाली, “अगं, एवढं उरलंय ते टाकून देतेस?” आयुष्यात तिने मासळीला हात लावलेला नाही, पण त्या दिवसापासून सुशीचा हिशेब तिच्याकडे आहे. खालच्या टिप्सपैकी समुद्रातल्या माझ्या आणि हॉटेलातल्या तिच्या.

१. ऑक्सिजन हाच जीव

या गेममध्ये वेगळी ‘लाइफ’ नसते. शार्क चावला की ऑक्सिजनच कमी होतो. तो संपला, की त्या बुडीत जमवलेल्यातली फक्त एक वस्तू हाती राहते, बाकी सगळं जातं. नवीन खेळाडू नेमका इथेच फसतो : ‘अजून एक मासा’ म्हणत खाली जातो आणि वर येण्याचा हिशेब विसरतो. माझा नियम असा : अर्धा ऑक्सिजन संपला की तोंड वर. वाटेत ऑक्सिजनचे डबे दिसले तर ते परतीच्या वाटेसाठी लक्षात ठेवा. खाली कुठेकुठे सुटकेचे पॉडही असतात, ते दिसले की जागा हेरून ठेवा.

२. पिशवी जड, पोहणं मंद

वजन मर्यादेबाहेर गेलं की डेव्ह गोगलगाय होतो. अशा वेळी स्वस्तातले मासे सरळ पाण्यात सोडून द्या. सुरुवातीचे पैसे फोनमधल्या अपग्रेडवर घाला : आधी ऑक्सिजनची टाकी, मग सामानाची पेटी. सूट किती खोल जायचं ते ठरवतो, त्यामुळे तो कथेच्या गरजेप्रमाणे घ्या. मोठ्या बंदुकांचा मोह नंतर.

३. मासा शक्यतो जिवंत आणा

गोळ्या घालून मारलेल्या माशाला कमी स्टार मिळतात. जाळ्यात धरलेला किंवा झोपेच्या बाणाने निजवलेला मासा तीन स्टारचा, आणि स्टार जास्त म्हणजे मांसही जास्त. मोठा मासा मेला तर सुरीने त्याचा थोडाच भाग मिळतो. ड्रोन बोलावलात तर अख्खा वर जातो. पण बुडीला ड्रोन मोजकेच, म्हणून पहिल्याच मोठ्या माशावर ते उडवू नका.

४. मेन्यूत कमी, फ्रिजमध्ये जास्त

माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती. असेल नसेल ते मी मेन्यूत लावायचे, प्रत्येक पदार्थाच्या दहा-दहा प्लेट. रात्री हॉटेल बंद झालं की मेन्यूत लावलेलं आणि न विकलेलं सगळं फुकट जातं! आईचं म्हणणं : “मेसमध्ये पोळ्या शेवटपर्यंत तव्यावरून ताटात जायच्या. आधी चळत लावून ठेवली की नुकसान ठरलेलं.” गेममध्ये याचीच सोय आहे. पदार्थ एक-दोनच लावा आणि ‘ऑटो सप्लाय’ सुरू करा. संपेल तसं ते साठ्यातून आपोआप येत राहतं.

५. चार पदार्थ, पण नामी

साहित्य खर्च करून पदार्थाची लेव्हल वाढवता येते, मग त्याची चव आणि किंमत दोन्ही वाढतात. सगळे पदार्थ थोडेथोडे वाढवण्यापेक्षा जे मासे नेहमी मिळतात त्यांचे तीन-चार पदार्थ निवडा. फोनमधल्या ‘कुकस्टा’वर हॉटेलचं नाव झालं, की मेन्यूत जागा आणि नोकरांची संख्या वाढते. एखाद्या माशाची खास पार्टी असेल तर आधी कळतं, तेव्हा तो मासा आधीच्या दिवसांत विकून टाकू नका.

६. चहाचा कप आणि वसाबी

ग्राहकाला थांबवलं की तो उठून जातो. हॉटेल उघडण्याआधीच वसाबी किसून ठेवा. ग्रीन टी ओतताना कपावरच्या खुणेपाशी हात थांबला की टिप चांगली मिळते. सुरुवातीलाच एक माणूस नोकरीला ठेवा आणि त्याला शिकवण्यावर पैसे घाला. “नवा माणूस रोज शोधण्यापेक्षा असलेला शिकवलेला बरा,” हेही आईचंच.

मुलांसोबत खेळताना

शिकार, रक्त आणि शस्त्रं असल्यामुळे लहान मुलांना हा गेम एकटं खेळायला देऊ नका. संवाद वाचायचे असतात आणि ते भरपूर आहेत, त्यामुळे वाचायचं काम मोठ्यांनी घ्या. आमच्यासारखी वाटणीही छान जमते : एकाने बुडी मारायची, दुसऱ्याने हॉटेल बघायचं.

आमचं हॉटेल आता झकास चालतंय. त्याहून मोठी बातमी म्हणजे आईने तिची जुनी हिशेबाची वही काढली आहे. दर रविवारी ती आमच्या सोसायटीत आठ डबे देते. नववा कुणी मागितला तर, “पुढच्या रविवारी बघू,” म्हणते. मी विचारलं, “दहा का नाही करत?” तर माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाली, “वर यायला ऑक्सिजन ठेवायचा असतो ना?”

तुमच्या घरात बुडी कोण मारतं आणि गल्ला कोण सांभाळतं, आम्हाला नक्की कळवा!