मखर आणि मजकूर

तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालय रविवारी उघडे असते किंवा नाही, असल्यास कोणत्या वेळेत, आणि सभासद होऊ इच्छिणाऱ्याने अनामत किती भरावयाची, एवढीच माहिती हवी असलेला मनुष्य त्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर जातो, तेव्हा त्याच्या पुढ्यात प्रथम काय येते, हे ज्याने त्याने एकदा शांतपणे पाहावे. असे एक संकेतस्थळ नुकतेच माझ्या पाहण्यात आले. वरच्या अर्ध्या भागात काही छायाचित्रे आपोआप सरकत होती : अध्यक्षांचा सत्कार, अध्यक्षांच्या हस्ते इतरांचा सत्कार, इमारतीचा दर्शनी भाग, आणि पुन्हा अध्यक्ष. त्याखाली लाल पट्टीवरून ‘सुस्वागतम्’ ही अक्षरे उजवीकडून डावीकडे धावत होती. वाचनालयाच्या वेळा मात्र कोठेच लिहिलेल्या नव्हत्या. पुष्कळ शोधाअंती त्या छायाचित्रदालनात मिळाल्या, कारण दारावरच्या लाकडी पाटीचा कोणीतरी फोटो काढला होता आणि त्या पाटीवर वेळा रंगविलेल्या होत्या. ग्रंथसूची होती, पण ती टंकलिखित पानांचे स्कॅन करून चढविलेली पीडीएफ होती, आणि तीत पुस्तकाचे नाव शोधू गेल्यास काहीही हाती लागत नसे.

हे संकेतस्थळ ज्या विद्यार्थ्याने केले त्याने नुकताच या विद्येचा एक अभ्यासक्रम पुरा केला होता, आणि त्याने कष्टांत कसूर केलेली नाही हे पाहताक्षणी कळत होते. अभिरुचीचा दोषही मी त्याला देणार नाही. नवशिक्यांच्या चुकांच्या ज्या याद्या ठिकठिकाणी दिल्या जातात त्यांत दहा-वीस कलमे असतात. भडक रंग, जड छायाचित्रे, बारीक अक्षरे, हरवलेले दुवे, आणि असेच बरेच काही. ही सारी कलमे खरी असली तरी माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे. पान जो वापरणार त्याच्यासाठी ते केलेले नसते; जे कार्यकारी मंडळाच्या सभेत बसून भिंतीवरच्या पडद्यावर ते पाहणार आणि मंजूर करणार, त्यांच्यासाठी केलेले असते. सजावटीचे मखर आधी उभे राहते आणि त्यात बसवावयाचा मजकूर सभा संपेपर्यंत कोणी मागतही नाही.

या दोषाला इतिहास आहे, आणि तो नवशिक्यांना कोणी सांगत नाही हे दुर्दैव होय. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबच्या ज्या कल्पनेचा मसुदा वरिष्ठांपुढे ठेवला आणि १९९१ साली जिचे पहिले पान लोकांसाठी खुले झाले, त्या पानाची प्रत आजही पाहावयास मिळते. त्यात केवळ मजकूर आहे आणि दुवे आहेत; तथापि ज्या काळी आजच्यासारखा मोबाईल कोणाच्या स्वप्नातही नव्हता त्या काळचे ते पान आजच्या मोबाईलवर यत्किंचितही न मोडता वाचता येते, कारण मजकुराने वाचणाऱ्याच्या पडद्याचा आकार घ्यावा हा या माध्यमाचा जन्मस्वभावच आहे. पुढे छापखान्याच्या शिस्तीत वाढलेल्या तज्ज्ञांना हा स्वभाव मानवला नाही. १९९६ साली डेव्हिड सीगल यांच्या गाजलेल्या पुस्तकाने कोष्टके आणि डोळ्यांना न दिसणारी पारदर्शक चित्रे यांच्या टेकूने पानातील प्रत्येक वस्तू जागच्या जागी खिळवून ठेवण्याची युक्ती रूढ केली, आणि पुढच्याच वर्षी वेबचा नाश झाला असून तो आपणच केला अशा आशयाचा कबुलीजबाब त्यांनीच प्रसिद्ध केला. जॉन ऑलसॉप यांनी २००० साली माध्यमाची ही लवचिकता दोष नसून सामर्थ्य आहे असे प्रतिपादन केले, आणि ईथन मार्कोट यांनी २०१० साली त्या विचाराला व्यवहारातली रीत दिली. म्हणजे ज्या खड्ड्यात एकेकाळी धुरीण पडले आणि बाहेर आले, त्याच खड्ड्यात आपला विद्यार्थी आज नव्याने उतरतो, कारण त्याला साधने शिकविली जातात, त्या साधनांची पूर्वपीठिका शिकविली जात नाही.

मराठी संकेतस्थळांपुरते बोलावयाचे तर आणखी एक अडचण वारशाने आलेली आहे. आपल्याकडे संगणकावरील मराठी मजकूर अनेक वर्षे अशा फाँटांत टंकला गेला की तो फाँट दुसऱ्या यंत्रावर नसला तर अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसावा. संस्थांच्या दप्तरांत असा मजकूर आजही ढिगाने पडलेला आहे, आणि फ्लेक्स छापणाऱ्या दुकानांतून येणारी मजकुराची फाइलही बहुधा त्याच जातीची असते. नवशिका ती संकेतस्थळावर चिकटवू पाहतो, अक्षरे विस्कटतात, आणि मग तो सर्वांत सोपा पण सर्वांत घातक मार्ग पत्करतो : संपूर्ण मजकुराचे चित्र करून ते पानावर लावतो. अक्षरे दिसतात खरी, परंतु शोधयंत्राला ती सापडत नाहीत, बारीक अक्षर न दिसणाऱ्या वृद्ध वाचकाला मोठे करताना ती फाटतात, कोणाला दूरध्वनी क्रमांक उचलून घ्यावयाचा तर उचलता येत नाही, आणि अंध वाचकाचे वाचकयंत्र तेथे पोहोचले की केवळ ‘चित्र’ एवढेच बोलून पुढे जाते. युनिकोड या सर्व यंत्रांना समान अशा अक्षरसंकेतात देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे, आणि र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षरकाराने घडविलेला मंगल हा फाँट विंडोज २००० पासून यंत्राबरोबरच येऊ लागला. जुन्या फाँटातील मजकूर युनिकोडात उतरविणारी साधनेही उपलब्ध आहेत. तेव्हा चित्राआड लपण्याची सबब आता कोणालाच राहिलेली नाही. दोन तास बसून उतरविलेला मजकूर तपासण्याचा कंटाळा तेवढा शिल्लक आहे.

ज्याने मजकूर मजकूर म्हणूनच ठेवला तोही निर्धोक सुटतो असे नाही, कारण तयार आराखडे रोमन लिपीच्या मापाने बेतलेले असतात. त्या लिपीला दोन ओळींत अक्षराच्या उंचीच्या सव्वापट अंतर पुरते. आपल्या लिपीत एका ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आणि अनुस्वारावर जाऊन आदळतो. निदान दीडपटीहून अधिक, आणि लांब मजकुरास पावणेदोनपटीपर्यंत अंतर ठेवले की पान श्वास घेऊ लागते. शीर्षकातील अक्षरे विरळ करण्याची रोमनमधली हौस तर आपल्याकडे सर्वथा वर्ज्य मानावी. तिच्यामुळे शिरोरेषा तुटते आणि ‘वाचनालय’ हा शब्द पाच सुट्या अक्षरांची रांग होऊन उभा राहतो. निवडलेल्या फाँटात देवनागरी अक्षरेच नसली तर ब्राउझर गाजावाजा न करता दुसराच फाँट आणून लावतो, आणि करणाऱ्याच्या यंत्रावर जे सुबक दिसले ते वाचकाच्या यंत्रावर बेढब दिसते. मुंबईच्या ‘एक टाईप’ या संस्थेने केलेला मुक्ता किंवा गूगलचा नोटो असे चांगले देवनागरी फाँट विनामूल्य मिळतात. मात्र जोडाक्षरांच्या संख्येमुळे ते रोमन फाँटांहून जड असतात, म्हणून त्यांची ठळकपणाची दोन वजने घ्यावीत, नऊ घेऊ नयेत.

याच संदर्भात एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. पानाची भाषा कोणती हे सांगणारी एक खूण पानाच्या अगदी आरंभी लिहावयाची असते, आणि तयार आराखड्यांत तेथे इंग्रजीची खूण आधीच घातलेली असते. ती बदलून मराठीची घालावयास दोन अक्षरे लागतात. ती न घातल्यास वाचकयंत्र मराठी मजकुरासमोर इंग्रजी आवाज घेऊन उभे राहण्याचा संभव असतो. ती घातल्यास काही फाँटांतील ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळण टाकून आपले मराठी वळण धारण करतात. ज्या भाषेत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांच्या रेखीवपणाचा आदर्श घालून दिला, त्या भाषेतील पानांनी ‘ल’च्या वळणाबाबत इतके उदासीन असावे हे मला तरी शोभादायक वाटत नाही.

रंगसंगतीविषयी थोडक्यात सांगता येईल. पांढऱ्या पृष्ठभूमीवर फिकट करडी अक्षरे सुसंस्कृत दिसतात असा एक समज आहे, आणि वातानुकूलित खोलीतील मोठ्या पडद्यावर तो टिकतोही, एस.टी. स्थानकाच्या उन्हात हातातल्या मोबाईलवर तो टिकत नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या २००८ च्या सुगम्यता-निर्देशांत साध्या आकाराच्या अक्षरांसाठी रंगभेदाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे असे म्हटले आहे. नवशिक्यांच्या आवडीचा करडा रंग अनेकदा तिनाच्याही खाली असतो. ही चूक केवळ आपलीच नव्हे. वेबएम ही अमेरिकेतील संस्था दरवर्षी दहा लक्ष मुखपृष्ठे यंत्राने तपासते, आणि त्यांतील दहापैकी सुमारे आठांवर हाच दोष वर्षानुवर्षे सापडत आला आहे. छायाचित्रांचेही तसेच : कॅमेऱ्यातून निघालेले चार-पाच एमबीचे चित्र तळहाताएवढ्या जागेत दाखवावयाचे असेल तर ते दीड-दोनशे केबीत बसते, आणि हे काम मोफत साधने क्षणार्धात करतात. सरकत्या चित्रमालिकेबद्दल अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील २०१३ ची आकडेवारी बोलकी आहे. शंभरांतून जेमतेम एकाने तिच्यावर बोट ठेवले, आणि त्यांतही बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर.

परंतु वाचकाचा खरा छळ होतो तो अर्जाच्या पानावर. सभासदत्वाचा अर्ज भरावयास बसलेल्या गृहस्थाला प्रत्येक चौकटीत फिकट अक्षरांत काय लिहावयाचे ते सांगितलेले असते, आणि तो लिहू लागताच ती सूचना नाहीशी होते. मध्येच दूरध्वनी आला तर परतल्यावर कोणत्या चौकटीत वडिलांचे नाव आणि कोणत्या चौकटीत आडनाव हे त्याने आठवणीने ठरवावयाचे. पुढे पिनकोड येतो. मराठी कळफलकावर सहज बोट गेले म्हणून तो ४१६००२ असे मराठी अंकांत लिहितो आणि पान त्याला लाल अक्षरांत ‘अवैध क्रमांक’ म्हणून परत पाठवते. जावास्क्रिप्टमध्ये अंक ओळखण्यासाठी जी संक्षिप्त खूण सर्रास वापरली जाते ती केवळ इंग्रजी अंकच ओळखते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, आणि वाचकाला आपले काय चुकले हे कधीच कळत नाही. पिनकोडाची योजना १९७२ साली ज्यांच्या हातून अमलात आली ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवी होते. त्यांच्या योजनेतला क्रमांक देवनागरीत लिहिला म्हणून अर्ज फेटाळला जावा, हा प्रकार त्यांना रुचला नसता असे मानावयास हरकत नाही. उपाय एका ओळीचा आहे. देवनागरीचे दहाही अंक युनिकोडात क्रमाने बसविलेले असल्यामुळे त्यांचे रूपांतर आपल्या बाजूने गुपचूप करून घेता येते. वाचकाला शिकविण्यापेक्षा यंत्राला शिकवावे. सूचना चौकटीच्या वर, कायम दिसेल अशी लिहावी. चूक झाली तर कोणत्या चौकटीत आणि काय, हे मराठीत सांगावे. आणि भरलेला मजकूर पुसून टाकण्याचा अधिकार कोणत्याही पानाने आपल्याकडे घेऊ नये.

यावर शिकविणारे वर्ग आणि शिकलेले विद्यार्थी या दोघांचेही एकच उत्तर ठरलेले असते की ग्राहकाला हेच हवे असते. साधे पान दाखविले तर पैसे कशाचे घेता असे तो विचारतो. या कैफियतीत तथ्य आहे. कार्यकारी मंडळाला सरकते चित्र दिसते, ओळींमधले अंतर दिसत नाही. म्हणूनच माझा रोख विद्यार्थ्यापेक्षा त्याला काम सांगणाऱ्यांवर आणि त्याहूनही वर्गचालकांवर अधिक आहे. पहिल्याच आठवड्यात तयार आराखडा हाती देऊन त्यात रंग भरावयास लावण्याऐवजी विद्यार्थ्याला कोरा कागद द्यावा आणि या संस्थेकडे लोक काय विचारीत येतात ते संस्थेत जाऊन, टेबलाशी बसून, लिहून आणावयास सांगावे. त्या प्रश्नांची उत्तरे साध्या एचटीएमएलमध्ये, शीर्षके, परिच्छेद आणि दुवे एवढ्याच सामग्रीने, कोणताही रंग न लावता मांडावीत. ते पान तसेच वाचता आले की मगच सजावटीसाठी सीएसएसला हात घालावा. अध्यक्षांच्या छायाचित्रास ‘आमच्याविषयी’ या पानावर हवा तेवढा मान द्यावा. तेथे ते पाहू इच्छिणाराच येतो. माऊस काढून केवळ कळफलकाने अर्ज भरून पाहणे आणि मोबाईलमधले टॉकबॅक हे वाचकयंत्र चालू करून डोळे मिटून आपलेच पान ऐकणे, या दोन परीक्षांवाचून कोणालाही प्रमाणपत्र देऊ नये. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाने २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे केली आणि २०२३ साली त्यांची तिसरी आवृत्ती काढली. ती खाजगी संस्थांना बंधनकारक नसली तरी काम सांगताना करारात त्यांचा उल्लेख करण्यास कोणी मनाई केलेली नाही.

आणि पान सभेपुढे नेण्याआधी ते पाच माणसांपुढे ठेवावे. पाच हा आकडा माझा नव्हे. जेकब नीलसन यांनी २००० साली तो सुचविला, आणि त्यांचा हिशेब असा की पहिल्या पाचांतच बहुतेक दोष उघडे पडतात. त्या पाचांत घरातले एखादे साठीपुढचे माणूस असावे, त्यांच्याच मोबाईलवर त्यांना पान उघडू द्यावे, ‘रविवारच्या वेळा शोधा’ एवढेच सांगावे, आणि बोट कोठे अडखळते ते पाहत गप्प बसावे. ‘तिथे नाही, वर, वर’ हे शब्द तोंडातून निघू न देणे हा या परीक्षेतला सर्वांत अवघड भाग होय. पहिल्या तिघांचेही बोट एकाच जागी अडले, तर चौथ्याला बोलावण्याआधी ती जागा दुरुस्त करून घ्यावी.