पेंढा तोलताना राखेतले पोटॅशही मोजा

10 डिसेंबर 2015 रोजी राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानात पिकांचे अवशेष शेतात जाळायला मनाई केली. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशासोबत 5 टक्के जैवइंधन जाळणे बंधनकारक केले. दोन्ही पावले योग्यच होती. पण आपली चर्चा अजून टनांत आणि टक्क्यांत अडकली आहे. जळणाऱ्या काडीत काय आहे, हे कुणी विचारत नाही.

काडी तापली की आधी तिच्यातले वायू निघून पेटतात आणि मागे कोळसा उरतो. लिग्निन जास्त असलेल्या पऱ्हाटीचा (कपाशीच्या काड्यांचा) किंवा तुराटीचा (तुरीच्या काड्यांचा) कोळसा जास्त पडतो, सेल्युलोज मात्र बहुतांशी वायूरूपानेच निघून जाते. उरलेला कोळसा किती वेगाने जळेल, हे त्यातल्या खनिजांवर ठरते. पोटॅशियम त्याचे जळणे वेगवान करते. भाताच्या पेंढ्यात पोटॅशियम भरपूर असते, पण त्याची राखही वजनाच्या 15 ते 20 टक्के भरते आणि तीत बहुतेक सिलिका असते. ही सिलिका पोटॅशियमला बांधून घेते, कमी तापमानाला वितळते आणि काचेसारखा थर होऊन बॉयलरच्या नळ्यांवर बसते. पेंढ्यातले क्लोरीन त्याच नळ्या गंजवते. उसाच्या चिपाडावर आपले साखर कारखाने वर्षानुवर्षे बॉयलर चालवतात, याचे एक कारण म्हणजे रसाबरोबर बरेचसे पोटॅशियम आधीच निघून गेलेले असते.

कोळशात थोडेच जैवइंधन मिसळायचे तर फरक कितीसा पडणार, असे विचारले जाईल. आज फारसा नाही. पण वाटा वाढवायचा असेल तर हा प्रश्न टळत नाही. पेंढा दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट, आधी भाजून घेतल्याने ओलावा जातो, पोटॅशियम आतच राहते. डेन्मार्कमध्ये पावसात भिजून करडा पडलेला पेंढा बॉयलरसाठी चांगला मानतात, कारण पाण्याने पोटॅशियम आणि क्लोरीन धुतले जातात. पंजाबचा शेतकरी तेवढा थांबू शकत नाही, गव्हाची पेरणी दोन-तीन आठवड्यांवर आलेली असते. म्हणून या द्रव्यांच्या तपासणीचा भार त्याच्यावर नको, पेलेट कारखान्यावर हवा. आणि पेलेटचा दर उष्मांकाइतकाच पोटॅशियम-क्लोरीनच्या प्रमाणाशी बांधावा. तसे झाले तर गुलाबी बोंडअळीच्या भीतीने उपटून धुऱ्यावर पेटवली जाणारी विदर्भातली पऱ्हाटीही, ही द्रव्ये तीत कमी भरली तर, चांगल्या भावाने विकली जाईल.