बुग्यालावरचा मुक्काम

ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने हिमालयातील उंचावरच्या कुरणांबाबत एक आदेश दिला. गढवाल-कुमाऊँमध्ये या कुरणांना बुग्याल म्हणतात. बुग्यालावर पर्यटकांनी रात्री मुक्काम करू नये, त्यांची संख्या २०० च्या आत ठेवावी, तिथली पक्की बांधकामे हटवावीत आणि व्यापारी चराई थांबवावी, असे त्या आदेशाचे सार होते. चमोली जिल्ह्यातील रूपकुंड तलावाकडे मुक्कामामुक्कामाने जाणारी प्रसिद्ध वाट त्यामुळे प्रत्यक्षात बंद पडली. पुण्या-मुंबईतून दर मोसमात तिथे जाणाऱ्या तुकड्या दुसरीकडे वळल्या. चालायला मुभा आणि झोपायला मनाई, हा भेद अनेकांना तेव्हा चमत्कारिक वाटला. तो समजून घ्यायचा तर वाटेने थोडे वर चढावे लागेल.

वाण हे या वाटेवरचे शेवटचे मोठे गाव सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. गाव सोडून नीलगंगा ओलांडली की खरसू जातीच्या ओकचे आणि बुरांसचे, म्हणजे लाल फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनचे, दाट जंगल लागते. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे झाडे आधी बदलतात, मग खुजी होतात आणि साडेतीन हजार मीटरच्या आसपास संपतात. या सीमेला ट्री लाइन किंवा वृक्षरेषा म्हणतात. आली आणि बेदनी ही जुळी कुरणे याच सीमेवर आहेत. जंगलातून बाहेर पडणाऱ्याला समोर एकदम मोकळे आभाळ आणि त्रिशूळ शिखर दिसते. छायाचित्रे इथलीच निघतात आणि तंबूही पूर्वी इथेच पडत.

पावसाळ्यात हिरवेगार दिसणारे हे गवत फार थोड्या काळात वाढते. बर्फ मे-जूनमध्ये वितळते आणि सप्टेंबर सरता सरता गवत पिवळे पडू लागते. या चार-पाच महिन्यांत गवताला, कुटकी-अतीससारख्या औषधी वनस्पतींना आणि शेकडो रानफुलांना उगवून, फुलून, बी धरून मोकळे व्हायचे असते. थंडीमुळे पालापाचोळा कुजण्याचा वेग मंद असतो, म्हणून मातीही अतिशय सावकाश तयार होते. मातीचा हा पातळ थर उतारावर धरून ठेवला आहे तो मुळांच्या घट्ट विणीने. ही वीण म्हणजे अंगावर धरलेली खपली. ती उचकटली की खालची जखम पुन्हा वाहू लागते.

माणूस बुग्यालावरून चालत गेला तर एक पायवाट पडते. तेही नुकसानच, पण ते एका रेषेत राहते. मुक्कामाचा हिशेब वेगळा आहे. तंबूखालचे गवत दबते आणि त्याला ऊन मिळत नाही. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून तंबूभोवती चर खणतात, तेव्हा मुळांची वीण सरळ कापली जाते. शौचासाठी खणलेल्या खड्ड्यांतील मैला त्या थंडीत लवकर कुजत नाही. सामान वाहणारी खेचरे रात्रभर तिथेच चरतात आणि ओल्या मातीत त्यांचे खूर रुततात. एक तुकडी निघाली की दुसरी त्याच जागी येते, त्यामुळे गवताला सावरायला उसंत मिळत नाही. उघड्या पडलेल्या मातीत पावसाचे पाणी घळ पाडते. हिवाळ्यात मातीतले पाणी गोठते, फुगते, पुन्हा वितळते आणि घळीच्या कडा ढासळतात. मोसम संपून तंबू निघून गेले तरी घळ रुंदावतच राहते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. हा आदेश ज्या याचिकेवर आला ती आली-बेदिनी-बगजी बुग्याल संरक्षण समितीची होती. वर्षानुवर्षे ही कुरणे पाहत आलेल्या परिसरातूनच ही तक्रार पुढे आली. नंदादेवीची राजजात यात्राही याच बेदनीवरून होमकुंडाकडे जाते आणि तिला लोटणारी गर्दी मोठी असते. पण ती बारा वर्षांनी एकदा निघण्याची परंपरा आहे. मागची २०१४ साली निघाली. ट्रेकच्या तुकड्या मात्र भर मोसमात रोज येत होत्या. एकदा पडलेली घळ बुजवणे किती कष्टाचे असते, हे उत्तरकाशीच्या दयारा बुग्यालावर दिसते. तिथे वनखात्याने काथ्याच्या जाळ्या अंथरल्या आणि पिरुल, म्हणजे चीड पाइनच्या वाळलेल्या सुया भरून, पाणी अडवणारे छोटे बांध घातले. हे सामान डोंगरावर चढवून हातांनी बसवावे लागते.

इथवर सारे आदेशाच्या बाजूने झाले. आता दुसऱ्या बाजूला माणसाचे शरीर उभे आहे.

उंचीवर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्केच राहते. घटतो तो हवेचा दाब. बेदनीच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांश भरतो आणि सुमारे ५,००० मीटरवरच्या रूपकुंडापाशी निम्म्याहून किंचित जास्त. दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन त्याच मानाने कमी होतो. शरीर श्वासाचा वेग वाढवते, रक्तात बदल घडवते, पण त्याला दिवस लागतात. विरळ हवेशी जुळवून घेण्याच्या या क्रियेला अ‍ॅक्लिमटायझेशन म्हणतात. झोपेत श्वास मंदावतो, म्हणून दिवसा गाठलेल्या उंचीपेक्षा रात्री कुठे झोपलो याला जास्त महत्त्व असते. ३,००० मीटरनंतर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. तो मोडला की डोकेदुखी, मळमळ सुरू होऊ शकते. दुर्लक्ष झाले तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचून माणूस दगावू शकतो. अ‍ॅसेटाझोलामाइडसारखे औषध जुळवून घ्यायला मदत करते, पण गंभीर लक्षणांवर खाली उतरण्याला पर्याय नाही.

सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरने हे विशेष ध्यानात घ्यावे. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. वाण गाव त्याहून साडेसातशे मीटर उंच आहे, म्हणजे हिमालयातल्या या चढाईची सुरुवातच आपल्या माथ्याच्या बरीच वर होते. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढणाऱ्याचे पाय भक्कम असतात. त्याचे शरीर विरळ हवेला कसे वागेल, हे त्यावरून कळत नाही. उलट दमदार माणूस वेगाने वर जातो आणि म्हणून लवकर अडचणीत येतो.

आता हे दोन हिशेब रूपकुंडाच्या वाटेवर एकमेकांशेजारी मांडून पाहू. वाणनंतर जंगलातला गैरोली पातालचा मुक्काम सुमारे ३,००० मीटरवर आहे. गवत संपून खडक सुरू होतो त्या भगुवाबासाची उंची सुमारे ४,३००. या दोहोंमध्ये जे आहे ते बुग्याल आहे. बुग्यालावर झोपायचे नाही तर एका रात्रीत तेराशे मीटरची झेप घ्यावी लागते, आणि तसा सल्ला कोणताही जबाबदार डॉक्टर देणार नाही. म्हणून आदेश पाळायचा तर रूपकुंड सुटते. रूपकुंड गाठायचे तर बुग्यालावर दोन रात्री तरी काढाव्या लागतात. अडचणीचे मूळ भूगोलात आहे.

बंदीनंतर गर्दी ओसरली मात्र नाही. ती केदारकांठा, ब्रह्मताल, हर की दून अशा वाटांवर सरकली. जंगलातल्या मोकळ्या जागांवर तंबूंची दाटी झाली. वृक्षरेषेजवळचा खरसू किंवा भोजपत्र अतिशय हळू वाढतो. तिथे शेकोटीसाठी तोडलेल्या फांदीची भरपाई एका मोसमात होत नाही.

रात्र खाली आणि दिवस वर, ही व्यवस्था नवी नाही. फुलों की घाटीत, म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये, मुक्कामाला परवानगी नसते. लोक घांघरियात राहतात, सकाळी दरीत जातात आणि दुपारी परततात. दरी तंबूंपासून वाचली, हे उघड आहे. पण घांघरिया हेमकुंडच्या यात्रेकरूंचेही ठाणे असल्याने तिथला कचरा हा कायमचा प्रश्न बनला. शिवाय १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर दरीतली चराई थांबली, तेव्हा काही भागांत अमेला नावाची उंच वाढणारी वनस्पती पसरून लहान फुलझाडांची जागा घेऊ लागली. ती पसरण्याचे कारण चराईबंदीच आहे का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी गुराख्यांच्या छान्या, म्हणजे मोसमी झोपड्या, आणि पर्यटकांचे तंबू एकाच तागडीत तोलू नयेत, एवढे यावरून म्हणता येते.

रात्रीच्या मुक्कामावरची बंदी आम्हाला योग्य वाटते, कारण नुकसानीचा मोठा भाग मुक्कामानेच होतो. तिची किंमत म्हणून हौशी पर्यटकांसाठी रूपकुंड बंद राहिले तर राहू द्यावे. तलावाकाठी सापडणाऱ्या प्राचीन मानवी अस्थींचीही पर्यटकांनी बरीच हेळसांड केली आहे. आली-बेदनी मात्र गैरोली पातालहून पाहून त्याच दिवशी खाली येता येते, आणि आधी वाण किंवा दिदना गावात एक रात्र जास्त घालवली तर शरीरालाही उसंत मिळते. त्या रात्रीचे पैसे गावातल्या घरांत जातात. बंदीने हमालांचा आणि खेचरवाल्यांचा जो रोजगार बुडाला, त्याची थोडी तरी भरपाई यातून होईल. हा जादा दिवस आयोजकांना नको असतो, कारण गिऱ्हाइकाची रजा आठवड्याची असते आणि सहा दिवसांचा ट्रेक सात दिवसांच्या ट्रेकपेक्षा सहज विकला जातो.

उत्तराखंड सरकारच्या वाट्याला बंदीपलीकडचे काम उरते: वृक्षरेषेखाली कोणत्या जागी, किती तंबू, किती रात्री चालतील याची वाटवार यादी करणे आणि दर काही वर्षांनी त्या जागांना विश्रांती देणे. मे महिन्याच्या तुकड्यांची नोंदणी आपल्याकडे हिवाळ्यातच सुरू होते. यादी त्याआधी जाहीर झाली, तर आयोजकांना कार्यक्रम तिच्याप्रमाणे आखता येतील.