विश्लेषण : खेळाडू टिकला, क्लब गेले! खालिद जमील यांची वाटचाल काय सांगते?

बोळिंजच्या मुलाला फुटबॉलपटू व्हायचे असेल, तर विरार लोकलची गर्दी सोसून कूपरेज गाठता येते. पण ज्या क्लबकडून खेळायचे, तो दहा वर्षांनी असेल का? खालिद जमील यांची कारकीर्द हाच प्रश्न विचारते.

ते कोणाकडून खेळले?

कुवेतमध्ये जन्मलेले जमील मधल्या फळीतले खेळाडू. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी हे त्यांचे मुंबईतील संघ.

या संघांचे काय झाले?

महिंद्रने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ गुंडाळला. परवान्याचे निकष पूर्ण न झाल्याने एअर इंडिया २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेली. मुंबई एफसी २०१७ मध्ये तळाला राहिली, मग बंदच झाली.

जमील कसे टिकले?

खेळणे थांबताच ते प्रशिक्षक झाले. २०१७ मध्ये त्यांनी छोट्या आयझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. पुढे कोलकाता, गुवाहाटी, जमशेदपूर आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघ!

मग अडचण कुठे?

प्रत्येक खेळाडूला दुसरी संधी मिळत नाही. २०२५ मध्ये तर आयएसएलचा हंगामही रखडला. म्हणूनच क्लबला परवाना देताना, संघ बंद पडल्यास खेळाडूंचे करार आणि थकीत पगार कोण भागवणार, याची लेखी हमी महासंघाने घेतली पाहिजे. पालकांनीही बुटांसोबत मुलाची पदवी आणि प्रशिक्षक परवाना यांचा विचार करावा.