चिखलातला पेंढा

दिवाळीच्या सुट्टीत राजगड-तोरण्याच्या पायथ्याची मुलं किल्ला करायला बसली, की मातीत भाताच्या पेंढ्याचे बारीक तुकडे मळतात. नुसती माती वाळली की तडकते, पेंढा तिला धरून ठेवतो. अग्निबाणाच्या कंपोझिट आवरणात काचेचे तंतू रेझिनमध्ये बसवतात, ते याच तत्त्वावर. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत नेणाऱ्या एसएलव्ही-३ या अग्निबाणाच्या वरच्या दोन टप्प्यांची आवरणं अशीच होती.

त्या वेळी विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते डॉ. वसंत गोवारीकर. १९३३ साली पुण्यात जन्मलेले, बर्मिंगहॅमला शिकलेले रसायन अभियंते. १९६७ साली ते विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून थुंब्याच्या अग्निबाण-तळावर आले आणि उमेदीची वर्षं त्यांनी अग्निबाणाच्या घन इंधनात घातली. हे इंधन म्हणजे अमोनियम परक्लोरेट आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी, द्रवरूप पॉलिमरमध्ये कालवून आवरणात ओतलेली. उबेत ठेवलं की काही दिवसांत त्याचं घट्ट रबर होतं. आत हवेचा बुडबुडा राहिला किंवा बारीक चीर गेली, तर जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब चढतो आणि इंधन भरलेलं अख्खं आवरण, म्हणजे मोटर, फुटू शकते. म्हणून ती क्ष-किरणांखाली तपासतात. इस्रोने या इंधनासाठी एरंडेलापासूनही पॉलिमर तयार केला, तेच एरंडेल जे आपल्या आज्या पोटदुखीला देत आल्या!

गोवारीकर पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, मोसमी पावसाच्या अंदाजामुळे घरोघरी पोचले. इंधनाचं त्यांचं काम मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. पदार्थ घडवणाऱ्यांच्या वाट्याला हे येतंच. उड्डाण टीव्हीवर दिसतं, त्यामागची वर्षानुवर्षांची मिश्रणं आणि फसलेल्या चाचण्या दिसत नाहीत. मला तेच काम मोठं वाटतं.

राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या, भोर-वेल्ह्याच्या मुलांना ते काम दूरचं नाही. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, डीआरडीओची उच्च-ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा आहे. शिवाजीनगरला सीओईपीत धातुशास्त्र शिकवतात. तरी बारावीचा निकाल लागला, की घरात एकच प्रश्न: कॉम्प्युटरला नंबर लागेल का? पालकांनो, तुमची मुलगी किंवा मुलगा धातुशास्त्र, पॉलिमर घेतो म्हणाला, तर अडवू नका. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी एकदा तो विभाग त्यांना दाखवून आणा.