नाव फुल्यांचे, चावी कागदाची



1882 साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्यात शिष्यवृत्तीविषयी एक मुद्दा आहे, तो आज चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील प्रत्येक घराने समजून घ्यावा. जोतीरावांचे म्हणणे असे की, चढाओढ लावून शिष्यवृत्त्या देणे वरवर न्यायाचे दिसते खरे; पण त्याने विद्येचा प्रसार इतर वर्गांत होत नाही. म्हणून ज्या वर्गांत विद्या मुळीच पोचली नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखल्या पाहिजेत. आणि सरकारी शिक्षणाचा पैसा येतो कोठून? शेतकऱ्याच्या कष्टातून! हेही त्यांनी त्याच निवेदनात सरकारला सुनावले होते.

हल्लीच्या सरकारला नावे ठेवण्याची हौस मोठी. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने फीची शिष्यवृत्ती आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह भत्ता आहे. बाबासाहेबांच्या नावाने 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलांस स्वयम आहे. आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त मुलांस 2023 च्या ठरावाने सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना आहे. ज्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्याला राहण्या-जेवण्यास मोठ्या शहरी वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत, जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 रुपयांपर्यंत मिळावेत, असा या शेवटच्या तीन योजनांचा बेत. बेत चांगला आहे, कोण नाही म्हणतो? शाहू छत्रपतींनी 1901 पासून कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी केली, ती हेच ओळखून की नुसती फी माफ करून खेड्यातला पोर शहरात टिकत नाही. त्याला छप्पर लागते, भाकर लागते.

पण सावित्रीबाईंच्या योजनेत जागा किती? जिल्ह्याला 600. पुण्याला 600 आणि गडचिरोलीलाही 600! निवड कशाने? गुणांच्या यादीने. ज्या चढाओढीविरुद्ध जोतीराव बोलले, तीच त्यांच्या पत्नीच्या नावाच्या योजनेच्या दारात उभी केली आहे. ज्या पोराच्या गावी विज्ञानाचा मास्तर वर्षभर फिरकला नाही, त्याने शिकवणीवाल्या शहरातल्या पोराशी गुणांत झगडावे, आणि हरला तर नालायक ठरावे!

यादीपर्यंत पोचणेही सोपे नाही. आधी कागद पाहिजेत. जातीचा दाखला हवा. त्यासाठी अनुसूचित जातींस 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा, अनुसूचित जमातींस 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांस 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, इतर मागासांस 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. बरे, 1950 साली आमच्याकडे काय होते? हा मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात, अहेरीकडे जमीनदारी, आणि आजोबाने शाळेचे तोंड पाहिले नाही म्हणून दाखल-खारीज पुस्तकात त्याचे नाव नाही. माडियाच्या टोल्यावर किंवा ढिवराच्या झोपडीत त्या सालचा कागद कोणी लिहून ठेवला असेल? असलाच तर तो कोतवाल पंजीत आहे, आणि कोतवाल पंजी आहे सरकारच्याच कपाटात. म्हणजे कागद सरकारपाशी, आणि तो आणून दाखवा असा हुकूम आम्हांस! या उफराट्या न्यायाला काय म्हणावे?

वेळ तरी कोणती निवडली? प्रवेश आषाढ-श्रावणात. तेव्हा घरचे सारे धानाच्या रोवणीत चिखलात उभे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरांच्या आसपास. उत्पन्नाचा दाखला तहसिलीतून, नॉन-क्रिमिलेअर उपविभागातून, पडताळणी समितीकडून, आणि अर्ज सेतू केंद्रात संगणकावर. आधारकार्डावर नाव एक, गुणपत्रिकेवर दुसरे, यात गोंडी-माडिया नावांची तर वाट लागलेली. बँकखाते आधारशी जोडलेले नसले की मंजूर पैसाही अडकला. 2017-18 साली महाडीबीटीचे दालन उघडले, तेव्हा पहिल्याच वर्षी ते असे कोलमडले की सरकारलाच पुन्हा कागदावर अर्ज घ्यावे लागले. सरकारचे यंत्र बिघडले तर मुदत वाढते. पोराच्या गावचा पूल बुडाला तर त्याचे वर्ष बुडते.

उत्पन्नाच्या मर्यादेची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस 2013 साली वर्षाला अडीच लाखांची मर्यादा घातली, आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ ती तशीच ठेवली. महिन्याला 20,833 रुपयांहून अधिक आले की बुरुडाचे घर श्रीमंत! इकडे 2019 साली खुल्या वर्गातील दुर्बळांची व्याख्या केली, तेव्हा आठ लाखांपर्यंतचा गरीब ठरला. त्या गरिबांशी आमचे भांडण नाही. पण गरिबीच्या या दोन मापांचा खुलासा सरकारने करावा.

आणि मिळते किती? अनुसूचित जातीचा मुलगा घरी राहून बी. ए. करीत असेल, तर 2021 च्या नियमांप्रमाणे निर्वाहाचे वर्षाला 3,000 रुपये. दिवसाचे आठ रुपये आणि वर चिल्लर. तेही राज्याचा 40 टक्के हिस्सा पडल्यावाचून केंद्राचा 60 टक्के हिस्सा पडत नाही. म्हणून कित्येकदा पोर परीक्षा देऊन घरी येते तरी पैसा वाटेतच. 1913 साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांस अमेरिकेत दरमहा साडेअकरा पौंड देण्याचे ठरविले. ती रक्कम त्यांस अभ्यासक्रम संपल्यावर मिळाली असती, तर न्यूयॉर्कात त्यांनी काय खाल्ले असते?

आता थोडे घरचे बोलू. पूर्वी विद्येच्या दारात भटशाही आडवी होती, असे आमचे वाडवडील सांगत, आणि ते खरे होते. आज कॉलेजांचे कित्येक मालक आपल्यातलेच आहेत. सभेत शाहू-फुल्यांचा जयजयकार करतात आणि प्रवेशाच्या खिडकीवर आपल्याच जातभावाला म्हणतात, आधी फी भर, शिष्यवृत्ती आली की परत नेशील! मागच्या दशकात शिष्यवृत्तीचा घोटाळा उघडकीस आला, तोही याच गडचिरोलीत. काही संस्थांनी बोगस विद्यार्थी दाखवून पैसा उचलला, गुन्हे नोंदले गेले, समाजकल्याण खात्यातील अधिकाऱ्यांपर्यंत अटका पोचल्या आणि राज्यभरच्या चौकशीस विशेष पथक नेमावे लागले. जो पोर जन्मलाच नाही त्याची शिष्यवृत्ती वेळेवर निघाली. खऱ्या पोराच्या अर्जात त्रुटी निघाली!

तेव्हा बंधूंनो, जोडी विकून किंवा सावकाराकडे जाऊन फी भरण्याची घाई करू नका. फीमाफीस पात्र मुलाकडून आगाऊ फी का मागता, हे कॉलेजला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. मुलगी व्यावसायिक अभ्यासक्रमास जात असेल आणि घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर 8 जुलै 2024 च्या ठरावाने इतर मागास व आर्थिक दुर्बळ घटकांतील मुलींची शिक्षण फी पूर्ण माफ आहे, हे ध्यानात ठेवा. आणि जातीच्या दाखल्याचे काम बारावीनंतर नको. पोर दहावीत असतानाच, मोहफुले वेचून झाली की तेंदूचा हंगाम लागण्यापूर्वी, उरकून घ्या.

ग्रामसभांनीही मनावर घ्यावे. लेखा-मेंढ्याने 2009 साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि 2011 पासून आपला बांबू आपण विकला. आज ज्या ज्या ग्रामसभेच्या खात्यात बांबूचा व तेंदूचा पैसा येतो, तिने त्यातील एक वाटा कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींसाठी बाजूला काढावा. जूनमध्ये उचल द्यावी, शिष्यवृत्ती आली की ती परत घ्यावी. व्याज नको, जामीन नको.

सरकारकडे मागणे एवढेच की तहसीलदाराने कोतवाल पंजी घेऊन उन्हाळ्यात गावोगावी यावे आणि तेथेच दाखला द्यावा. जंगल जिल्ह्यांस 600 चा आकडा वाढवून द्यावा आणि निवड गुणांवर न करता गरजेवर करावी. पहिला हप्ता पोळ्यापूर्वी खात्यात पडावा. येत्या ग्रामसभेत असा ठराव करा, पोच घ्या, आणि ठरावाची एक प्रत पोराच्या कॉलेजातही देऊन या.