गाडी वेळेवर, कागद मात्र उद्या

मेल व्हॅनचे दार बंद होण्याआधी थैली आत गेलीच पाहिजे, हे आरएमएसमध्ये ज्याने एक रात्र काढली त्याला सांगावे लागत नाही. गाडी कोणत्या सिग्नलला किती मिनिटे उभी राहिली याची नोंद गार्ड करतो (२०२२ पासून कागदावर त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, काम तेच आहे). पोस्टमन पावसात भिजला तरी बीट पुरी करूनच परततो. अशा माणसांना वेळेचे महत्त्व शिकवायला जाणे म्हणजे कोळ्याला पोहणे शिकवणे होय.

आणि तरीही आम्हाला हा लेख लिहावा लागत आहे. कारण दुसऱ्यांचा वेळ मिनिटामिनिटाने सांभाळणारे आम्ही कामगार स्वतःच्या कागदाची पाळी आली की म्हणतो, "उद्या बघू." हा उद्या कित्येकदा दहा-दहा वर्षे येत नाही.

आमचा एक सहकारी नोकरीला लागला तेव्हा अविवाहित होता. रिवाजाप्रमाणे नॉमिनेशन आईच्या नावे केले. पुढे लग्न झाले, दोन मुले झाली. नॉमिनेशन बदलायचे राहिले. कुटुंब नसताना केलेले नॉमिनेशन कुटुंब झाल्यावर रद्द ठरते, हा नियम त्याला ठाऊक नव्हता असेही नाही; शाखेच्या सभेत तो स्वतः इतरांना हे सांगत असे. नोकरीत असतानाच तो गेला. मग कळले की सर्व्हिस रेकॉर्डमध्ये पत्नीचे सासरचे नाव, आधार कार्डावर माहेरचे आणि बँकेच्या पासबुकात तिसरेच काहीतरी. लग्नात सुनेचे नाव बदलण्याची आपली हौस कागदाला कशी महाग पडते, हे वेगळे सांगायला नको. वहिनींनी प्रतिज्ञापत्रे, दाखले, साक्षीदार गोळा करण्यात वर्ष काढले. पैसे मिळाले, नाही असे नाही. परंतु त्या वर्षात किराणा, फी आणि क्वार्टर सोडण्याची नोटीस थांबली नव्हती.

याला आळस म्हणणे आम्हाला मान्य नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपतो तेव्हाच कार्यालयाची खिडकी उघडी असते. ट्रॅकवर दिवसभर राबलेल्याला इंग्रजी किंवा हिंदीतला चार पानी फॉर्म डोंगराएवढा वाटतो. शिवाय आपल्या मरणाची गोष्ट घरात काढणे अभद्र, म्हणून नॉमिनेशनचा विषयच निघत नाही. इटारसी, वडोदरा, हुबळी, सिकंदराबाद येथे नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांची अडचण आणखी निराळी. जन्माचा दाखला, लग्नाची नोंद, वारसाचा कागद सारे गावी. "गणपतीला जाऊ तेव्हा आणू" म्हणायचे, आणि गणपतीत तालुक्याचे कार्यालय बंद! अशा वेळी सणाच्या रजेला कामकाजाचा एक दिवस जोडून घ्यावा, आणि गाडीत बसण्यापूर्वी कोणता दाखला कोणाच्या नावाचा हवा ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावे. एवढे केले तरी निम्मे काम झाले.

दोष प्रशासनाचाही आहे. सर्व्हिस बुक दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यावी असा केंद्र सरकारचा नियम आहे. तो कितीशा कार्यालयांत पाळला जातो? परंतु प्रशासनाने दाखवले नाही म्हणून आपण मागायचेच नाही, हे कुठले शहाणपण? रेल्वेत आता एचआरएमएसवर मोबाईलमध्येच आपली नोंद पाहता येते. ती उघडून कुटुंबातील नावे एकदा तपासावीत. ज्यांचे अपत्य कायमचे दिव्यांग आहे त्यांनी तर एक दिवसही थांबू नये. आई-बापाच्या हयातीत ते नाव आणि प्रमाणपत्र नोंदले गेले तर पुढे त्या लेकराला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दारोदार फिरावे लागत नाही.

आता थोडे आमच्याविषयी, म्हणजे युनियनच्या पदाधिकाऱ्यांविषयी. बढती डावलली, वेतननिश्चिती चुकली, वसुली लागली, की सभासद आमच्याकडे येतो. आम्ही निवेदन देतो. उत्तर येत नाही. आम्ही स्मरणपत्र देतो. मग दुसरे, तिसरे. फाईल जाड होत जाते आणि सभासदाला वाटते, काम चालू आहे. कायदा तसे मानत नाही. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा १९८५ च्या कलम २१ प्रमाणे अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत कॅटमध्ये जावे लागते. नियमाप्रमाणे केलेल्या अपिलाला किंवा निवेदनाला उत्तरच आले नाही तर सहा महिने वाट पाहून त्यापुढे एक वर्ष. पुन्हापुन्हा स्मरणपत्रे दिल्याने ही मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एस. एस. राठोड खटल्यात १९८९ मध्येच सांगून टाकले आहे. सबळ कारण दाखवले तर विलंब माफ होऊ शकतो, पण "युनियन बघत होती" हे कारण कितपत चालेल याचा अंदाज आम्हाला आहे. दरमहा तोटा होत राहणाऱ्या प्रकरणात उशिरा दाद मागितली तरी थकबाकी साधारण तीन वर्षांचीच, हे २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून सर्वांना ठाऊक झाले आहे. त्याआधीची वर्षे बुडाली. तेव्हा प्रत्येक शाखा सचिवाने फाईलच्या वरच्या पानावर मुदत संपण्याची तारीख तांबड्या शाईत लिहावी. आमच्या शाखेत हे उशिरा सुरू झाले. तोपर्यंत दोन सभासदांची प्रकरणे मुदतीबाहेर गेली होती आणि त्यांच्यासमोर बसून ते सांगणे फार जड गेले.

युनिफाइड पेन्शन स्कीमचे उदाहरण ताजे आहे. विकल्प देण्याची मुदत ३० जून २०२५ होती, ती ३० सप्टेंबर झाली, नंतर ३० नोव्हेंबर. जुन्या पेन्शनची मागणी हा लढ्याचा विषय, त्याबद्दल येथे लिहीत नाही. विकल्प घ्यावा की नाकारावा हा ज्याचा त्याचा निर्णय. परंतु मुदत वाढेलच या भरवशावर बसायचे आणि शेवटच्या आठवड्यात शेजारच्या टेबलवाल्याने केले तेच करायचे, याला निर्णय म्हणता येत नाही. घेणारा असो वा नाकारणारा, आपली सेवा किती वर्षांची भरते याचा हिशेब घरी बसून मांडायला एक संध्याकाळ पुरली असती.

वेळेच्या नियोजनावरची पुस्तके पहाटे पाचला उठायला सांगतात. ज्याची ड्यूटीच पहाटे पाचला सुटते त्याने काय करावे, हे त्यांत लिहिलेले नसते. आमची सूचना साधी आहे. पगाराच्या दिवसानंतर येणारी पहिली साप्ताहिक सुट्टी धरावी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली रविवार मिळवला. त्या सुट्टीतला अर्धा तास आपल्या कागदाला द्यायला हरकत नाही. घरच्या माणसालाही शेजारी बसवावे. एका महिन्यात एकच कागद. आणि डायरीत "नॉमिनेशन बदलणे" असे भारी काम न लिहिता "फॉर्म मागून आणणे" एवढेच लिहावे. फॉर्म हातात आला की पुढचे पाऊल आपोआप पडते. टपाल बंधूंनी एलटीसीचा दावाही त्याच डायरीत टिपावा: आगाऊ रक्कम उचलली असेल तर परतल्यापासून एक महिना, नसेल तर तीन महिने.

पुढील मासिक सभेला आमच्या शाखेत एक टेबल वेगळे मांडणार आहोत. त्यावर कोरे फॉर्म असतील आणि ते मराठीत समजावून सांगणारे दोन साथी बसतील. येताना पत्नीचे किंवा पतीचे आधार कार्ड आणि पासबुक तेवढे बरोबर आणावे, म्हणजे तीन ठिकाणची तीन नावे तिथल्या तिथे जुळवून पाहता येतील.